निकमबाईंचा ‘मोडेन’

दुकानात मांडून ठेवलेल्या मोडेमकडे बोट दाखवून, “हा एवढा गुणी आहे म्हणता, मग अजून तुमच्याकडेच कसा?” असं विचारणारी बाई मी निकमबाईंच्या आधी पाहिली नव्हती. हा प्रश्न आपल्याकडे लग्न न जमलेल्या मुलाबद्दल विचारतात, तोही त्याच्या पाठीमागे. दुकानदार जयेशभाई हातातला चहा तसाच धरून आधी बाईंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी पर्सची चेन उघडझाक करत दुसरीकडे पाहू लागले. निकमबाईंबरोबर कुठंही गेलं की माझ्यावर ही पाळी यायचीच.

आताच्या मुलांना मोडेम म्हणजे काय ते सांगावं लागतं. त्या वेळी घरात इंटरनेट यायचं ते फोनच्या तारेतून. तार आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसायचा तो मोडेम. तो आधी फोन लावायचा, मग किंचाळायचा, खाकरायचा, आणि त्याची मर्जी असेल तर आपण आत. कुणी मध्येच रिसीव्हर उचलला, तारेत खरखर आली, खांबावरच्या पेटीत पाणी शिरलं, की खलास. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत कॉम्प्युटर असलेलं घरच नव्हतं. पहिला आला तो निकमबाईंकडे, त्या शाळेतून रिटायर झाल्या त्याच सुमारास. आम्हाला वाटलं होतं, बाई आता चारधाम करतील.

विमल निकम मूळच्या खानदेशातल्या. लग्न होऊन सुरतेला आल्या. नवरा मिलमध्ये सुपरवायझर होता. तो वारला तेव्हा मुलगा संजय कॉलेजात होता. बाई मराठी शाळेत गणित शिकवायच्या. मी सांगलीकडची, नवऱ्याच्या डाइंग हाउसमधल्या नोकरीपायी इकडे आलेली. त्याच शाळेत भूगोलाला लागले आणि राहायलाही त्यांच्या समोरच्याच दारात आले. उंच, काटक बाई, घट्ट अंबाडा, आणि पदर कायम कमरेला खोचलेला. भांडण कुठल्याही क्षणी लागेल, तयारीत असावं, असा. शाळेत त्या पुस्तकासारखी स्वच्छ मराठी बोलायच्या. माणूस आवडलं किंवा डोक्यात गेलं की अहिराणी सुरू. दोन्हींपैकी काय झालंय ते आपण चेहऱ्यावरून ओळखायचं.

स्टाफरूममधल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

“नवरा पितो?”

“नाही.”

“हात उचलतो?”

“अहो बाई, छे!”

“ते झालं. बोलतो का?”

मला प्रश्नच कळेना.

“घरी आल्यावर. तुझ्याशी. जेवायला काय आहे आणि टॉवेल कुठाय, हे सोडून दुसरं काही बोलतो का?”

आजूबाजूला चार शिक्षक डबे उघडून बसलेले. माझ्या लग्नाच्या वेळी मुलाचा पगार, गोत्र, शेत, बहिणी किती, सगळं विचारून झालं होतं. पण हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला जरा निरखून पाहिलं. तो पेपर वाचत होता.

बाईंचं एक विचित्र होतं. त्यांचं वाक्य कुणी मध्येच तोडलं, की त्या ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायच्या. रागानं नव्हे. फळ्यावरचं गणित चुकलं की आपण जसं पुसून पुन्हा मांडतो, तसं. एकदा शाळेत मोठे साहेब तपासणीला आले. बाई सांगत होत्या, “सहावीच्या मुलींना पिण्याचं पाणी आणायला—” साहेब म्हणाले, “ते बघू आपण.” बाई म्हणाल्या, “सहावीच्या मुलींना पिण्याचं पाणी आणायला रस्ता—” साहेब म्हणाले, “मॅडम, आज विषय निकालाचा आहे.” बाई म्हणाल्या, “सहावीच्या मुलींना पिण्याचं पाणी आणायला रस्ता ओलांडून—” आमच्या हेडमास्तरांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. साहेबांनी अजून दोनदा तोडून पाहिलं. शेवटी हात जोडून खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “बोला.” बाईंनी वाक्य पूर्ण केलं. पाण्याची टाकी नंतर शाळेच्या आवारात आली.

मी बाहेर आल्यावर म्हटलं, “बाई, नोकरी जायची वेळ होती!”

“मंग? त्यामा काय मोडनं?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यात काय मोडलं? मग मराठीवर येऊन म्हणाल्या, “बोलणाऱ्याचं बोलणं तोडणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. मला कुणी ताटावरनं उठवलेलं चालत नाही.”

तर अशा बाई मोडेम निवडायला निघाल्या होत्या. पहिली हरकत नावालाच. “मोडेन म्हणे! घरात यायच्या आधीच धमकी.” जयेशभाईनं सुधारलं, “मोडेम, बेन, मोडेम.” पण बाईंच्या तोंडात शेवटपर्यंत ‘मोडेन’च राहिला. “मोडेन पण वाकणार नाही, असा असेल तर दाखव,” म्हणाल्या. जयेशभाईला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं सगळ्यात वेगवान कार्ड पुढं केलं, कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं.

“बेन, आ तो एकदम फास्ट छे.”

“फास्ट नथी जोईतुं, भाई. वच्चेथी तूटे नहीं एवुं आपो.”

मध्येच तुटणार नाही असा द्या. एवढी एकच अट. आणि दुसरी म्हणजे आधी घरी नेऊन बघणार, पसंत पडला तर ठेवणार. जयेशभाईच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नसावं, पण शिक्षिकेला नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. सुरतेत बाईमाणूस पदर खोचून दुकानात उभं राहिलं की भलेभले व्यापारी नरम येतात.

पहिला मोडेम चार-आठ दिवस राहिला आणि परत गेला. बाईंचा निकाल असा: “हा घरजावई आहे. स्वतःचं डोकं नाही, कॉम्प्युटरच्या डोक्यानं चालतो. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की हा इकडे हात सोडतो. शिवाय पोटात बसतो, आत काय चाललंय दिसत नाही.” मी म्हटलं, बाई, यंत्र आहे ते. तर म्हणाल्या, “मग यंत्राला स्वभाव नसतो का? तुझ्या मिक्सरला विचार.”

दुसरा बाहेर ठेवायचा होता, चकचकीत, निमुळता, परदेशी पाहुण्यासारखा. तो तारेवर चढायचा एकदम वेगात आणि जरा खरखर आली की धाडकन सोडून द्यायचा. “तालेवार घरचा आहे. बोललेलं सोसत नाही. जा बाबा आपल्या घरी.” तोही परत गेला.

तिसरा जयेशभाईनं माळ्यावरून काढला, अगदी ओशाळून. जुनं मॉडेल. पत्र्याची जाड डबी, वीटच म्हणा, पुढं लाल दिव्यांची रांग. वेग निम्म्यानं कमी. पण तो तार खराब झाली की रुसायचा नाही. आपला वेग आणखी उतरवायचा, दम खायचा, आणि धरून बसायचा. दिव्यांवरून बघताना कळायचं, की बिचारा झगडतोय पण सोडत नाहीये. बाईंनी त्याच्यावर हात फिरवला. त्यांच्या तोंडून अहिराणी आली, आणि या वेळी ती कौतुकाची होती.

“वेग लिसनी काय करू मी? माले धरी ठेवनारा जोयजे.”

वेग घेऊन काय करू, धरून ठेवणारा हवा. मी हसले. मला वाटलं, बाई मोडेमबद्दल बोलतायत.

तो वाजायला लागला की आमची अख्खी सोसायटी ऐकायची. पहिल्या दिवशी खालच्या मजल्यावरची भिकूबाई धावत वर आली. तिचा नवरा लूमवर कामाला. तीही खानदेशातली, आवाज चार गल्ल्यांत जाईल असा. “बाई, कोनं पोर रडी राह्यनं व?” बाईंनी तिला डबी दाखवली. भिकूबाईनं दुरूनच हात जोडले आणि उलट्या पावली जिना उतरली.

पण खरं भांडण पेटलं ते फोनवरून. निकमबाईंचा फोन नुसता निकमबाईंचा नव्हता. तो आमच्या सगळ्यांचा पी.पी. नंबर होता. माझ्या माहेरी, भिकूबाईच्या गावी, वरच्या मजल्यावरच्या पाटलांच्या भावाकडे, सगळीकडे तोच नंबर दिलेला. फोन आला की बाई गॅलरीतून हाक मारायच्या आणि आम्ही ओल्या हातानं धावायचो. आता संध्याकाळचा एक तास फोन सतत एंगेज. कारण फोन वाजला काय, कुणी उचलला काय, बाईंचं बोलणं तुटणार. त्यांनी दारावर पाटी लावली, खडूनं, वळणदार अक्षरात: ‘दिवेलागणीनंतर एक तास हा फोन फक्त माझा आहे.’

सोसायटी हादरली. विधवा बाई, एकटी, मुलगा परगावी, हिला स्वतःचा असा तास कशाला लागतो? चार पुरुष आणि भिकूबाई असं शिष्टमंडळ वर आलं. मीही दारात उभी होते. पाटील फार समजुतीनं म्हणाले, “बाई, गावाकडं कुणाचं बरंवाईट झालं, तर निरोप कळायला नको का?”

“बरंवाईट व्हायला उरलेला दिवस मोकळा आहे,” निकमबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता भिकूबाई अंगावर जाणार. शिष्टमंडळानं आणखी बराच वेळ बोलून पाहिलं आणि मग एकेक करून खाली गेलं. बोलून बोलून दमलेल्या माणसांना हरवणं सोपं. एक वाक्य बोलून दारात उभ्या राहिलेल्या बाईला कोण हरवणार? पण त्या दिवसापासून जिन्यात बाईंशी बोलणं सगळ्यांनी बंद केलं.

आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की तो तास संजयचा. पोरगा नाशिकला, कंपनीत. आई त्याच्याशी कॉम्प्युटरवर बोलते. एवढ्यासाठी तिला माफ करायलाही आम्ही हळूहळू तयार झालो होतो. आईचं काळीज वगैरे. आणि एक दिवस शाळेत माझ्यासाठी फोन आला. संजय.

“वंदनाकाकू, आईचा फोन रोज संध्याकाळी एंगेज का लागतो? मी ऑफिसातून सुटल्यावर लावतो, कधी लागतच नाही. ती बरी आहे ना?”

मी काहीतरी पुटपुटले, तार खराब आहे, पाऊस आहे. पाऊस नव्हता. शाळा सुटल्याबरोबर मी तडक बाईंकडे गेले आणि विचारलं, “तुम्ही रोज कुणाशी बोलता?”

त्या वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कामरेजला एक आहेत.”

मी खाली बसले. अमेरिका नाही, मुंबई नाही, कामरेज! बसनं गेलं तर चहा गार व्हायच्या आत पोचाल. तिथल्या माणसाशी बोलायला कॉम्प्युटर, मोडेम आणि अख्ख्या सोसायटीचं वैर?

“मग फोनवरच बोला ना!”

“त्यांना आवाज नाही.”

ठाकोरभाई त्यांचं नाव. कामरेजच्या शाळेत हेडमास्तर होते. बाईंची त्यांची ओळख पूर्वी पेपर तपासणीच्या केंद्रावर झालेली, म्हणजे भांडणच, एका मुलाला अर्धा मार्क द्यावा की नाही यावरून. तेव्हा फार बोलके गृहस्थ, सभा गाजवणारे. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेला. बायको त्याआधीच वारलेली. कुणाच्या तरी निरोप समारंभात बाईंना ते पुन्हा दिसले, गळ्याला मफलर, कोपऱ्यात एकटे. कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून लोकांना दाखवत होते, आणि लोक चिटोरा पूर्ण व्हायच्या आत “हो हो, बरोबर” म्हणून पुढे सरकत होते.

“एकानेही वाक्य संपू दिलं नाही गं,” बाई म्हणाल्या. “मी खुर्ची ओढून बसले. सगळे चिटोरे वाचले. त्यांनी लिहिलं, कॉम्प्युटरवर मी हातापेक्षा भरभर लिहितो. मी म्हटलं, बरं.”

म्हणून कॉम्प्युटर. म्हणून मोडेम, न तुटणारा. ठाकोरभाई पलीकडे टाइप करायचे, अक्षरं बाईंच्या पडद्यावर उमटायची. बाई उत्तर द्यायच्या, दोन बोटांनी, गुजराती-मराठीची खिचडी, इंग्रजी अक्षरांत. तार तुटली की तो माणूस अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा. आणि त्याला उचलून फोनही करता येत नव्हता, की अहो, काय झालं.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला मोठा धक्का बसला, आणि त्याहून मोठा धक्का याचा, की मला बाईंचा हेवा वाटला.

दिवाळीत संजय आणि त्याची बायको रूपाली आले. मी फराळाचं ताट घेऊन गेले होते. दिवेलागण झाली आणि मला वाटलं होतं, आज बाई सुट्टी घेतील. त्यांनी मुलाच्या पुढे चकल्या ठेवल्या, पदर खोचला आणि मोडेम लावला. डबी किंचाळली, खाकरली, दिवे लागले. रूपाली नाशिकची, गुजरातीचा गंध नाही. कौतुकानं सासूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर अक्षरं उमटली. तिनं मोठ्यानं वाचली.

“नवरी छे ने? आई, हे कोण तुम्हाला नवरी म्हणतंय?”

संजय खो खो हसायला लागला. तो सुरतेत वाढलेला. “अगं वेडे, गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी. मोकळी आहेस ना, असं विचारतंय कुणीतरी.” मलाही हसू आवरेना. या शब्दानं इथं आलेल्या प्रत्येक मराठी बाईची फजिती केलेली आहे. मी नवी असताना शेजारीण “नवरां छो?” विचारत आली, तर मी सांगितलं होतं, नवरा ऑफिसला गेलाय. मी तो किस्सा सांगितला, रूपाली पोट धरून हसली, वातावरण एकदम सैल झालं.

निकमबाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली.

“रूपालीनं बरोबर वाचलं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी विचारलंय ते गुजरातीतून. मी उत्तर देणार आहे मराठीतून.”

आणि आमच्या देखत, वळून, दोन बोटांनी ‘मराठीतून, हो’ टाइप केलं.

मी तोंडाशी नेलेली चकली ताटात ठेवली. मला ठाकोरभाई माहीत होते, पण हे माहीत नव्हतं. त्या वयाला, त्या घरात, भिंतीवर नवऱ्याच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून! रूपालीनं तोंडावर हात ठेवला. संजयच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, आतून मात्र निघून गेलेलं.

“कोण आहे हा?”

बाईंनी सांगितलं. काहीही न लपवता, जसं मला सांगितलं तसं.

“आई, लोक काय म्हणतील याचा विचार केलास? बाबांचं घर आहे हे. आणि तो माणूस... त्याला तर बोलताही येत नाही!”

“तुझ्या बाबांना येत होतं,” बाई म्हणाल्या. “मी वाट पाहिली.”

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की मला त्या खोलीत थांबवेना. मी ताट तिथंच ठेवून घरी आले. माझा नवरा म्हणाला, काय झालं, पांढरी का पडलीस? मी म्हटलं, काही नाही, बोला काहीतरी. तो बिचारा गोंधळला.

संजय भाऊबीजेची वाट न बघता निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला नाही. बाई गॅलरीत उभ्या राहून रिक्षा वळेपर्यंत बघत होत्या, पण दिवेलागणीला डबी नेहमीसारखी किंचाळली. मला वाटलं, वादळ आलं आणि गेलं.

पुढच्याच आठवड्यात फोन मेला. रिसीव्हर उचलावा तर काहीच नाही, खरखरही नाही. बाईंना वाटलं, खांबावर बिघाड. तक्रार नोंदवली. मोडेमची वायर काढून पुसून पुन्हा लावली, त्याचे दिवे तपासले. तो बिचारा ठणठणीत होता. सगळी सोसायटी आता आपणहून वर येऊन विचारू लागली, कारण सगळ्यांचाच फोन गेला होता. भिकूबाईच्या बहिणीचं बाळंतपण गावी अडलेलं, तिचा जीव टांगणीला. शेवटी लाइनमन आला. त्यानं खांबावर काही केलं नाही. त्यानं चौकशी करून येऊन सांगितलं.

“बेन, बगड्युं नथी. बंध कराव्यो छे. जेमना नामे छे एमणे.”

बिघडलेला नाही. बंद करवलाय. ज्यांच्या नावावर आहे त्यांनी.

निकमबाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. इतकी वर्षं ही बाई मला धक्के देत आली. त्यांना बसलेला धक्का मी त्या दिवशी एकदाच पाहिला.

“संजयच्या नावावर होता?” मी विचारलं.

“मीच केला होता गं. हे गेले तेव्हा. कुणी सांगितलंही नव्हतं. मीच म्हटलं, घरात पुरुषाचं नाव राहावं. फोन, वीज, घर.” मग म्हणाल्या, “मोडेन पारखून घेतला. एक नाही, तीन पाहिले. तार कुणाची आहे ते पाहिलंच नाही.”

साहेबाला घाम फोडणारी, सोसायटीला वठणीवर आणणारी बाई, आणि ही चूक! पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीही बाई ती चूक करायला चुकली नव्हती. मी मनातल्या मनात माझ्या घरातलं काय काय कुणाच्या नावावर आहे ते आठवत होते आणि माझं असं काहीच सापडेना.

मी म्हटलं, नवा फोन घेऊ तुमच्या नावानं. पण त्या काळात नव्या फोनसाठी अर्ज करून वाट बघत बसावं लागायचं, हे त्यांना माहीत होतं. त्या वेगळ्याच विचारात होत्या.

“तिकडे ते रोज बसत असतील. त्यांना वाटेल, मी ‘हो’ म्हटलं आणि गप्प झाले.”

मोठ्या आवाजाच्या माणसाला निदान ओरडता येतं. संजयनं तार तोडली होती ती नेमकी आवाजच नसलेल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं दार उघडं होतं. एक बॅग भरून ठेवलेली. “चल, मला कामरेजला सोड,” म्हणाल्या, “एकटीनं गेले तर पळून गेल्यासारखं दिसेल.” मोडेम टेबलावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाल्या, “राहू दे. त्याचं काम झालं.”

आम्ही खाली उतरलो आणि जिन्याच्या तोंडाशी भिकूबाई. मागे दोन-चार बायका. खबर कशी फुटली देव जाणे. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. हिनंच तर बाईंना सगळ्यात जास्त बोल लावले होते. भिकूबाईच्या हातात सूप होतं. सुपात तांदूळ, नारळ, हळदकुंकू, ब्लाउजपीस.

विधवेची ओटी भरत नाहीत. हे सांगावं लागत नाही. हळदीकुंकवाला बोलावणं नसतं, मुंजीत पुढे व्हायचं नसतं, हे प्रत्येक बाईला पाठ असतं, आणि बाईंना तर जास्तच. त्या दोन पावलं मागे सरकल्या. बाईंना मागे सरकताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

“रिकाम्या पदरनी कशी जाशी, माय?” भिकूबाई म्हणाली आणि त्यांचा कमरेला खोचलेला पदर तिनंच ओढून सोडवला. ओंजळ भरून तांदूळ त्यात घातले. मग कुंकवाचं बोट बाईंच्या कपाळाला टेकवलं. भर सकाळी, गेटपाशी, सगळ्या सोसायटीच्या देखत. वरच्या गॅलरीतून पाटील बघत होते आणि त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. भिकूबाई मोठमोठ्यानं रडत होती आणि रडता रडता संजयच्या नावानं बोटं मोडत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं.

पुढं त्यांचं लग्न कचेरीत रीतसर झालं. त्या सहीला मी होते, माझा नवराही होता. संजय आला नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी तो येऊ-जाऊ लागला असं ऐकलं. पण निकमबाई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं येत नाही. येते ती कामरेजची ती सकाळ.

हायवेपासून जरा आत त्यांचं घर. बाहेर ओटा. ठाकोरभाई ओट्यावर बसले होते, गळ्याला मफलर, दाढी वाढलेली. आमची रिक्षा थांबली, बाई उतरल्या. ते उठून उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. घाईघाईनं सदऱ्याचे खिसे चाचपले, कागद सापडेना. आत जाऊन आणावा तर पाय हलेना. बाईंच्या कपाळावरचं कुंकू त्यांना दिसलं आणि ते मटकन खाली बसले. बाईही शेजारी जाऊन बसल्या, ओटीतले तांदूळ सांभाळत. एवढी बोलकी बाई, पण तोंडून शब्द नाही. समोरासमोर बोलायची त्या दोघांना सवयच नव्हती.

मी रिक्षातून बॅग काढत होते. वळून पाहिलं आणि तिथंच थबकले. ठाकोरभाईंनी बाईंचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला होता आणि त्या हाताच्या पाठीवर दहाही बोटांनी ते टाइप करत होते. भराभर, मान खाली घालून, ओळींमागून ओळी. समोरून बसगाड्या जात होत्या, शेजारच्या ओट्यावरच्या बायका भाजी निवडायची थांबल्या होत्या. या दोघांना कशाचं भान नव्हतं. एक अक्षरही कळणं शक्य नव्हतं. बाई आपल्या हाताकडे बघत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मध्ये मध्ये त्या मान हलवत होत्या, समजल्यासारखी.

मग बाईंनी दुसरा हात त्यांच्या बोटांवर ठेवला.

“अहो, सावकाश,” बाई म्हणाल्या. “आता कोण तोडणार आहे?”